जमीन सर्वांची, वाट कोणाची?

अमेरिकेत रानटर्कीच्या शिकारीचा परवाना मिळवणं ही त्या साऱ्या व्यवहारातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. ठरलेलं शुल्क भरलं, सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा केल्याचा दाखला दाखवला, की बहुतेक राज्यांत परवाना हातात पडतो. तिथल्या कायद्यानुसार रानातला पक्षी कोणा एकाच्या मालकीचा नसतो. तो राज्यातल्या सगळ्या जनतेचा आणि सरकार त्याचं विश्वस्त. इंग्लंडमध्ये शतकानुशतकं शिकार ही जमीनदाराची मिरास होती. अमेरिकेनं ती रीत जाणूनबुजून टाकून दिली. गिरणीतला कामगार आणि बँकेचा मालक यांचा पक्ष्यावरचा हक्क सारखाच. प्रश्न त्यानंतर सुरू होतो. हक्क आहे, पण उभं राहायचं कुठे?

संघराज्य सरकारच्या ताब्यात सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे देशाच्या चौथाईहून अधिक. त्यातली १९ कोटी एकरांहून अधिक जमीन राष्ट्रीय वनांची आणि साधारण २४ कोटी एकर भूव्यवस्थापन विभागाची. आकडे ऐकून वाटतं की जागेची ददात कशाला असेल. पण यातली बहुतांश जमीन पश्चिमेकडे आणि अलास्कात आहे. रानटर्कीचं मुख्य घर मात्र पूर्वेकडच्या पानगळीच्या जंगलांत, दक्षिणेत आणि मध्यपश्चिमेच्या शेतांच्या कडांना आहे आणि तिथे जमीन खाजगी आहे. मिझुरीत ९३ टक्के, टेक्सासमध्ये जवळजवळ ९५ टक्के, कॅन्ससमध्ये ९८ टक्क्यांच्या आसपास. ज्याचं शेत नाही, ज्याचा मामा-काका शेतकरी नाही आणि ज्याला हंगामापुरती शिकारीची जमीन भाड्यानं घेणं परवडत नाही, त्याला उरलेल्या त्या थोड्या टक्क्यांतच जावं लागतं.

माझं म्हणणं असं आहे: सार्वजनिक जमिनीवरचा हक्क हा वाटेच्या हक्कावाचून पोकळ असतो. जमीन सरकारच्या नावावर चढवली की काम झालं, हा समज चुकीचा आहे. त्या जमिनीपर्यंत पोहोचण्याची वाट, ती वाट दाखवणारा नकाशा आणि तिथे पोहोचल्यावर मिळणारी वेळ, या तिन्हींची हमी नसेल तर ती जमीन कागदावर सर्वांची राहते आणि प्रत्यक्षात शेजारच्या मालकाची होते. टर्कीच्या शिकारीत हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच दुसरीकडे दिसेल.

वसंतातली टर्कीची शिकार पाठलागाची नसते, बसण्याची असते. नर रात्री उंच झाडावर रातथाऱ्याला असतो. फटफटायच्या आधी शिकाऱ्यानं त्या झाडापासून बऱ्यापैकी अंतर राखून, एखाद्या रुंद बुंध्याला पाठ टेकून, अंधारात निश्चल बसलेलं असावं लागतं. उजाडायला लागलं की नर झाडावरूनच गडगडतो. तो आवाज शांत सकाळी मैलभर जातो. मग शिकारी लाकडी पेटी घासून, पाटीवर काडी फिरवून किंवा टाळूला चिकटवलेल्या पातळ पडदीतून मादीचा आवाज काढतो. निसर्गाची रीत अशी की नर साद घालतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकाऱ्याला हीच रीत उलटवायची असते. नरानं चालत यायला हवं. बहुतेक राज्यांत वसंतात नर किंवा छातीवर केसांसारखा झुपका असलेलाच पक्षी टिपता येतो. नर झाडावरून उतरून माद्यांच्या सोबतीला लागला, की पुढचे कित्येक तास तो कोणाचं ऐकत नाही. म्हणून पहाटेची ती वेळ सगळ्यात मोलाची. सरकारी जंगल समोर दिसतंय, पण मधली पाव मैलाची पट्टी खाजगी आहे आणि फाटकातून जायचं तर पाच मैलांचा वळसा, अशी स्थिती असेल तर शिकाऱ्याची सकाळ तिथेच संपते. ज्याचं घर शेजारच्या शेतात आहे तो मात्र चहा पिऊन निवांत निघतो आणि त्याच सरकारी जंगलात मागच्या दारानं शिरतो.

आणखी एक गोष्ट. पक्ष्याला हद्द कळत नाही. तो सरकारी ओकच्या झाडावर झोपतो आणि सकाळी खाजगी कुरणात उतरून पिसारा फुलवतो. शिकाऱ्यानं हद्दीच्या अलीकडे बसून त्याला बोलावणं कायदेशीर आहे. पक्षी कुंपण ओलांडून आला तर तो त्याचा. शिकाऱ्यानं कुंपणापलीकडे एक पाऊल टाकलं तर तो गुन्हेगार. मिझुरी आणि टेक्सास यांसारख्या राज्यांत झाडावर मारलेला जांभळ्या रंगाचा पट्टा हीच प्रवेशबंदीची कायदेशीर सूचना असते. वेगळी पाटी लागत नाही. जांभळा पट्टा असलेली झाडं ओळखायला तिथली मुलं लहानपणीच शिकतात. मला यात काही चूक वाटत नाही. खाजगी ती खाजगी. पण हे काटेकोरपण दोन्ही बाजूंनी असायला हवं, आणि तसं ते नाही.

तो पक्षी आज तिथे आहे तो कोणाच्या पैशानं, हेही पाहायला हवं. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेली बेसुमार कत्तल आणि जंगलतोड यांनी रानटर्की अनेक राज्यांतून नाहीशी झाली होती. १९३० च्या दशकात देशभरात सुमारे दोन लाख पक्षी उरले होते, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवरच्या अबकारी कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवणारा हा कायदा आजही लागू आहे. लांब नळीच्या बंदुकांवर हा कर ११ टक्के असतो. सुरुवातीला खात्यांनी पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडले, ते तगले नाहीत. माणसाच्या हातून दाणे खाल्लेल्या पक्ष्याला कोल्हा ओळखता येईना. मग १९५१ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनात तोफेनं उडवायचं जाळं टर्कीवर वापरून पाहिलं गेलं. दाणे टिपणाऱ्या थव्यावर जाळं झेपावतं आणि जंगली पक्षी जिवंत हाती लागतात. पेट्यांत घालून ते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेले गेले. मिझुरीनं पेक रँच या सार्वजनिक संरक्षित क्षेत्रातले पक्षी पकडून राज्यभर सोडले, १९६० मध्ये आधुनिक काळातला पहिला वसंत हंगाम खुला केला आणि पुढे इतर राज्यांनाही पक्षी दिले. १९७३ मध्ये राष्ट्रीय रानटर्की महासंघ स्थापन झाला तेव्हा पक्षी दहा लाखांच्या वर गेले होते. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ते सत्तर लाखांच्या जवळ पोहोचले. सार्वजनिक पैसा, सार्वजनिक नोकर आणि बऱ्याच अंशी सार्वजनिक जमीन, यांतून हा पक्षी परत आला. मग जनतेनं त्याच्याकडे जायचं ठरवलं तर वाट अडावी, हे न्यायाचं नाही.

इथे मराठी वाचकाच्या मनात शंका येईल की मुळात शिकारीची बाजू घ्यायचीच कशाला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आपली लोकसंख्या, आपली उरलेली जंगलं आणि त्यांवरचा ताण पाहता दुसरा मार्ग नाही. पण अमेरिकेत मर्यादित, मोजून-मापून केलेल्या शिकारीनं हा पक्षी संपवला नाही. शिकाऱ्यांच्या परवान्यांनी आणि करांनी तो परत आणला, हे नाकारता येत नाही. आणि वाटेचा प्रश्न शिकाऱ्यापुरता नाहीच. ज्या सरकारी जंगलात शिकाऱ्याला जाता येत नाही, तिथे पक्षी पाहणाऱ्याला, मशरूम गोळा करणाऱ्याला, मुलांना घेऊन चालायला निघालेल्या बाईलाही जाता येत नाही. शिकारी मोठ्यानं बोलतो इतकंच.

अडलेल्या जमिनीचं मोजमाप आता झालेलं आहे. थिओडोर रूझवेल्ट कॉन्झर्व्हेशन पार्टनरशिप ही संस्था आणि ऑनएक्स ही नकाशांचं अॅप चालवणारी कंपनी यांनी मिळून २०१८ मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांतली संघराज्याची जमीन तपासली. ९५ लाख एकरांहून अधिक जमीन अशी निघाली की तिथे कायदेशीरपणे पोहोचायला एकही सार्वजनिक वाट नाही. पुढच्या वर्षी राज्यांच्या मालकीची जमीन तपासली, तेव्हा आणखी ६३ लाख एकर निघाले. मिळून दीड कोटी एकरांवर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सुमारे ७ कोटी ६० लाख एकर आहे. म्हणजे राज्याचा पाचवा भाग चारही बाजूंनी बंद करून ठेवल्यासारखं झालं. यातली बरीच जमीन केवळ एका बिंदूमुळे अडलेली आहे, आणि त्या बिंदूची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे.

१७८५ पासून अमेरिकेनं नव्या प्रदेशाची मोजणी चौकोनांत केली. एक मैल बाय एक मैल, म्हणजे ६४० एकरांचा एक चौकोन. १८६२ मध्ये आंतरखंडीय रेल्वेला उत्तेजन म्हणून रुळांच्या दोन्ही बाजूंचे एकाआड एक चौकोन रेल्वे कंपन्यांना देण्यात आले. उरलेले सरकारकडे राहिले. रेल्वेनं आपले चौकोन पुढे विकले. वायोमिंगमध्ये आजही नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो: काळं घर सरकारी, पांढरं घर खाजगी. एका सरकारी घरातून दुसऱ्या सरकारी घरात जायचं तर ते फक्त कोपऱ्यात भेटतात, आणि त्या कोपऱ्याला रुंदी नसते. माणसाचं शरीर तिथून जाताना क्षणभर खाजगी हवेतून जातं. जमीनमालक म्हणू लागले, ती हवा आमची.

२०२१ मध्ये मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी वायोमिंगच्या एल्क माउंटन भागात असा कोपरा ओलांडला. ते टर्कीसाठी गेले नव्हते, एल्क आणि हरणांच्या मागे होते; पण त्यांचा खटला प्रत्येक सार्वजनिक शिकाऱ्याचा झाला. सुमारे २२ हजार एकरांच्या एका कुरणमालकानं कोपऱ्यावर दोन लोखंडी खांब रोवून त्यांना साखळी बांधली होती. या चौघांनी घरी बनवलेली पोलादी शिडी बरोबर नेली, खांबांवरून उभी केली आणि एका सरकारी चौकोनातून दुसऱ्या सरकारी चौकोनात उतरले. खाजगी मातीला त्यांचा पाय लागला नाही. तरी त्यांच्यावर फौजदारी गुन्हा दाखल झाला. २०२२ मध्ये स्थानिक ज्यूरीनं त्यांना निर्दोष सोडलं. मालकानं दिवाणी दावा लावला आणि मालमत्तेची किंमत उतरल्याचं सांगत सत्तर लाख डॉलरांहून अधिक नुकसान झाल्याचं म्हटलं. २०२३ मध्ये संघीय न्यायाधीशांनी शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला, मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं तो कायम केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला.

त्या सत्तर लाखांच्या दाव्याकडे नीट पाहावं. कोपरा लोकांना खुला झाला तर जमिनीची किंमत इतकी घटते, असं मालक म्हणत होता. याचा अर्थ त्या किमतीत सरकारी जमिनीवर आपल्यालाच एकट्याला जाता येतं याचं मोल धरलेलं होतं. जे त्यानं कधी विकत घेतलं नव्हतं त्याचीच भरपाई तो मागत होता. मला या साऱ्या प्रकरणातला हा सगळ्यात बोलका पुरावा वाटतो.

न्यायालयानं ज्या कायद्याचा आधार घेतला तो १८८५ चा. त्या काळी गुरांचे मोठे मालक सरकारी कुरणांना बाहेरून कुंपण घालून ती गिळत होते, ते रोखण्यासाठी अमेरिकी संसदेनं तो केला होता. १८९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच कायद्याच्या आधारे असंही म्हटलं होतं की मालकानं कुंपण आपल्याच जमिनीवर घातलं असलं, तरी त्यामुळे सरकारी जमीन कोंडली जात असेल तर ते बेकायदा आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न लोखंडी साखळीनं पुन्हा बांधायचा प्रयत्न झाला. मात्र हा निकाल दहाव्या सर्किटच्या कक्षेतल्या सहा राज्यांपुरताच बंधनकारक आहे: वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा. माँटानात शिकारी अजूनही कोपऱ्यावर थबकतो. आणि जी सरकारी जमीन दुसऱ्या सरकारी जमिनीला कोपऱ्यातही भेटत नाही, चहूबाजूंनी खाजगी हद्दीतच अडकली आहे, तिला या निकालाचा काहीच उपयोग नाही.

तिथे १९७९ चा लिओ शीप कंपनीचा निकाल आड येतो. वायोमिंगच्या सेमिनो जलाशयापर्यंत लोकांना जाता यावं म्हणून सरकारनं खाजगी चौकोनातून कच्चा रस्ता काढला होता. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, १८६२ मध्ये जमीन देताना तुम्ही वाट राखून ठेवली नव्हती; आता हवी असेल तर पैसे मोजून घ्या. कायद्याच्या अंगानं निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. पण यातून एक गोष्ट दिसते. जमीन वाटताना वाटेचा विचार केला नाही, तर पुढच्या सात पिढ्या त्याची किंमत देतात.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमानं तहसीलदाराला अधिकार दिला आहे की ज्याच्या शेताला जायला वाट नाही, त्याला शेजारच्या गटांच्या हद्दीवरून, बांधावरून वाट द्यावी. या कलमाखालचे अर्ज वर्षानुवर्षं रेंगाळतात, बांध नांगरून टाकले जातात, भाऊबंदकी पेटते, हे सगळं खरं. तरी तत्त्व कायद्यात लिहिलेलं आहे: जमिनीबरोबर वाट लागते, आणि शेजाऱ्याला थोडी झळ सोसून ती द्यावी लागते. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात सरकारच्याच जमिनीला असं कलम लागू होत नाही, याचं मला अजूनही नवल वाटतं.

जमीनमालकाची बाजू पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. फाटक उघडं टाकून गेलेल्या माणसामुळे गुरं रस्त्यावर येतात. पावसानंतर चारचाकी घालून कच्चा रस्ता चिखलात रुतवला जातो, तो दुरुस्त मालकालाच करावा लागतो. कोणी जखमी झाला तर दावा आपल्यावर येईल ही भीती असते. शिवाय मिझुरीसारख्या राज्यात पक्ष्यांचा मोठा भाग खाजगी शेतांच्या कडांनाच वाढतो. ओढ्याकाठची झुडपं राखणारा, गवत उशिरा कापून घरटी वाचवणारा शेतकरी नसेल तर सरकारी जंगलातही पक्षी उरणार नाही. हे मान्य करूनच बोलायला हवं. म्हणून स्कॉटलंडसारखा कोणाच्याही माळरानावर फिरायचा हक्क अमेरिकेत आणावा, अशी मागणी मी करत नाही. मागणी त्याहून लहान आहे. मालकानं आपली जमीन आपल्यासाठी राखावी. आपल्या जमिनीचा उपयोग सर्वांची जमीन राखण्यासाठी करू नये.

दुसरा आक्षेप गर्दीचा. सार्वजनिक जमिनीवर आधीच माणसं इतकी की पक्षी मुके झाले आहेत, आणखी वाटा कशाला? पक्षी मुके होतात ही तक्रार पोकळ नाही. आवाज टिपणारी यंत्रं जंगलात लावून केलेल्या अभ्यासांत दिसलं आहे की शिकार सुरू झाली की नरांचं गडगडणं घटतं. आणि गर्दी ही नुसती गैरसोय नसते. टर्कीच्या नराचं डोकं उत्तेजित झालं की लाल, पांढरं, निळं होतं. म्हणून शिकारी अंगावर त्या रंगांचा रुमालही ठेवत नाहीत. आवाजाच्या दिशेनं सरपटत जाऊ नये हा पहिला नियम शिकवला जातो, कारण तो आवाज पक्ष्याचा नसून दुसऱ्या शिकाऱ्याचा असू शकतो. एकाच फाटकाशी दहा गाड्या उभ्या असल्या की हा धोका वाढतो. पण ही गर्दी होते कशानं? आत जायच्या वाटा मोजक्या असतात म्हणून सगळे त्याच दोन-तीन फाटकांवर येतात. पलीकडची शेकडो एकर जमीन रिकामी असते. वाटा वाढवल्या तर तीच माणसं विखुरतील. गर्दीचं कारण सांगून वाट नाकारणं म्हणजे रोगालाच औषध म्हणणं.

नियम करणाऱ्यांनी मात्र सोपा मार्ग धरला. मिझुरीत पूर्वी वसंत हंगामात सगळ्यांसाठीच दुपारी एकपर्यंत शिकारीची मुदत असे. २०२४ पासून खाजगी जमिनीवर ती सूर्यास्तापर्यंत वाढवली. सार्वजनिक जमिनीवर एकचीच राहिली. मिसिसिपीत परराज्यातल्या शिकाऱ्याला हंगामाच्या पहिल्या दोन आठवड्यांत सार्वजनिक जमिनीवर यायचं तर सोडतीत नाव लागावं लागतं. खाजगी जमिनीवर ती अट नाही. एकरी ताण सार्वजनिक जमिनीवर जास्त असतो, म्हणून तिथे नियम कडक, असं त्याचं समर्थन आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण दक्षिणेत आणि मध्यपश्चिमेत पिल्लं जगण्याचं प्रमाण घटतंय ही चिंता साऱ्या राज्याची आहे. तसं असेल तर त्याग साऱ्या राज्यानं करावा. टेनेसीनं २०२३ मध्ये हंगामाची सुरुवात दोन आठवडे पुढे ढकलली, माद्यांना अंडी घालायला वेळ मिळावा म्हणून, आणि ती सर्वांसाठी. मला ती रीत पटते. ज्याच्याकडे जमीन नाही त्याचे तास कापायचे आणि ज्याच्याकडे आहे त्याचे वाढवायचे, हे पक्षी वाचवण्याचं धोरण म्हणून टिकत नाही. मिझुरीत कारखान्यात सकाळपाळी करणारा माणूस एकनंतरच मोकळा होतो. त्याचा परवाना वैध आहे, जंगल त्याचं आहे, आणि घड्याळानं त्याला बाहेर ठेवलं आहे.

'सर्वांची जमीन' हा शब्दप्रयोग वापरताना एक गोष्ट मात्र दडपून चालणार नाही. साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्सच्या राष्ट्रीय वनात टर्कीसाठी देशभरातून शिकारी येतात. तिथे हा पक्षी मुळात नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यावर दक्षिणेकडून आणून सोडला. आणि ते डोंगर १८६८ च्या फोर्ट लॅरामी करारानं लाकोटांना दिलेले होते. सोनं सापडल्यावर ते हिसकावले गेले. १९८० मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं भरपाईचा आदेश दिला. लाकोटांनी तो पैसा आजवर घेतलेला नाही, त्यांना डोंगर हवे आहेत. पूर्वेकडेही जॉर्जिया-टेनेसीच्या ज्या डोंगरांत आज राष्ट्रीय वनं आहेत, तिथून १८३८ मध्ये चेरोकींना बंदुकीच्या धाकानं बाहेर काढलं होतं. या इतिहासानं सार्वजनिक जमिनीची बाजू दुबळी होते असं काहींना वाटतं. मला उलट वाटतं. जी जमीन इतक्या किमतीनं सरकारकडे आली, ती पुन्हा एका कुरणमालकाच्या खाजगी शिकारखान्यात जमा होणं हा दुहेरी अन्याय आहे. तिच्या भवितव्याबद्दल बोलायचा पहिला मान मूळ रहिवाशांचा. शेजारच्या फाटकवाल्याचा नाही.

वाटा मिळवायच्या कशा, याची उत्तरं तिथेच तयार आहेत. कॅन्ससनं १९९५ पासून शेतकऱ्यांना पैसे देऊन त्यांची शेतं चालत येणाऱ्या शिकाऱ्यांना खुली करून घेतली; दहा लाख एकरांहून अधिक जमीन या योजनेत असते. माँटानाची अशीच योजना १९८५ ची. २००८ च्या कृषी विधेयकानं अशा योजनांना केंद्राचा पैसा दिला. यात कोणावर जबरदस्ती नाही, शेतकऱ्याला उत्पन्न मिळतं, शिकाऱ्याला जागा. उणीव एवढीच की हे करार थोड्या वर्षांचे असतात. मुलानं शेत हातात घेतलं, भाव बदलला, विधेयक रखडलं, की वाट बंद. म्हणून मला कायमच्या वाटेचा हक्क विकत घेणं जास्त महत्त्वाचं वाटतं. हजार एकर नवी जमीन घेण्यापेक्षा वीस फूट रुंदीची एक पट्टी घेतली तर कधी कधी दहा हजार एकर मोकळे होतात.

काही वाटा तर आधीच विकत घेतलेल्या आहेत आणि विसरल्या गेल्या आहेत. अमेरिकी वनसेवेकडे वाटेच्या हक्कांचे सुमारे ३७ हजार दस्त होते; त्यांतले जेमतेम पाच हजार संगणकावर होते. बाकीचे कार्यालयांच्या कपाटांत. फाटकाला कुलूप घालणाऱ्या मालकाला आणि परत फिरणाऱ्या शिकाऱ्याला, दोघांनाही ठाऊक नसे की ही वाट सरकारनं केव्हाच घेऊन ठेवली आहे. २०२२ मध्ये अमेरिकी संसदेनं कायदा करून संघराज्याच्या विभागांना हे सगळे दस्त नकाशावर आणून लोकांना खुले करायला सांगितलं. तोवर हे काम खाजगी अॅप करत होती, वर्गणी घेऊन. त्यांनी फार मोठी सोय केली, याबद्दल वाद नाही. पण सार्वजनिक जमिनीची हद्द कळण्यासाठी नागरिकाला कंपनीचं ग्राहक व्हावं लागू नये. ते काम सरकारचं आहे आणि ते फुकट मिळालं पाहिजे.

पैसाही आहे. १९६४ च्या भूमी व जल संवर्धन निधीत समुद्रातल्या तेल-वायू उत्खननाच्या उत्पन्नातून पैसा येतो. २०२० पासून दरवर्षी पूर्ण ९० कोटी डॉलर मिळण्याची कायद्यानं तरतूद झाली. त्यातला किमान ३ टक्के भाग लोकांना सार्वजनिक जमिनीपर्यंत पोहोचता यावं यासाठी वापरायचा, असं २०१९ च्या कायद्यात आहे. म्हणजे २ कोटी ७० लाख डॉलर. दीड कोटी एकर बंद असताना हा वाटा फार तोकडा आहे. निदान १० टक्के हवा.

आणि असलेली जमीन हातची जाऊ न देणं, हे सगळ्याच्या आधी येतं. जून २०२५ मध्ये युटाचे सिनेटर माइक ली यांनी अर्थसंकल्पी विधेयकात वीस ते तीस लाख एकर सार्वजनिक जमीन विकायचा प्रस्ताव घातला. पश्चिमेकडच्या शिकाऱ्यांनी, त्यांतल्या कित्येकांनी ली यांच्याच पक्षाला मतं दिलेली होती, लोकप्रतिनिधींचे फोन वाजवत ठेवले. महिना संपायच्या आत प्रस्ताव मागे घ्यावा लागला. पक्षाच्या पलीकडे जाऊन माणसं आपल्या जमिनीसाठी उभी राहतात, हे त्या महिन्यात दिसलं.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या, तिथले नागरिक झालेल्या मराठी कुटुंबांना मी म्हणून सांगेन: तुम्ही बंदूक हातात धरणार नसाल, पण शनिवारी मुलांना घेऊन ज्या राष्ट्रीय वनात चालायला जाता ते याच लढ्यातून खुलं राहिलेलं आहे. तुमच्या लोकप्रतिनिधीला दोन गोष्टी लिहून कळवा. भूमी व जल संवर्धन निधीतला वाटांसाठीचा हिस्सा ३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर न्या, आणि कोपरा ओलांडण्याचा हक्क सहा राज्यांपुरता न ठेवता साऱ्या देशासाठी कायद्यात लिहा.